तोफखान्याची आठ पानं

१

रविवारी जेवणाच्या सुट्टीत ‘तोफखाना’ची आठ पानं गेली. सोमवारी सकाळी ऋषिराज उत्कर्षाच्या दारात उभा होता. त्याच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, आणि ते त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

"पोलिसांत द्यायचं नाही," तो म्हणाला. "म्हणून तुझ्याकडं आलो."

"मी पोलिसांतच आहे."

"रजेवर आहेस ना."

ती रजेवर होती. गेल्या गणपतीत तिच्या नवऱ्याची, राजवर्धनची, पेटी तिरंग्यात गुंडाळून लडाखहून गावी आली. तेराव्यानंतर ती ठाण्यात हजर झाली होती. रडत नव्हती. जेवत होती, झोपत होती. फक्त कुणी काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. शेवटी साहेबांनीच तिला घरी पाठवलं.

तिनं चहा केला. साखर घालायची राहिली. दोघांनी तो तसाच प्यायला.

ऋषिराज कॉलेजातला मित्र. त्याच्या आजोबांनी, हंबीररावांनी, पासष्टच्या लढाईनंतर सांगलीत ‘तोफखाना’ नावाचं चित्रमासिक काढलं होतं. दर अंकात चार युद्धकथा, सगळ्या चित्रांतून. पस्तीस वर्षं ते चाललं. एसटी स्टँडवर, जत्रेत, सुट्टीवर येणाऱ्या जवानाच्या ट्रंकेत ते असायचंच. हंबीरराव सायकलवरून गावोगावचे पेन्शनर गाठायचे. कुणी इटलीत लढलेला, कुणी ब्रह्मदेशात, कुणी काश्मिरात. प्रत्येक कथेखाली सांगणाऱ्याचं नाव छापायचे, आणि मुखपृष्ठावर कायम एकच ओळ: ‘ऐकलेलं नाही, पाहिलेलं.’ नातू आता त्या मासिकाचा इतिहास लिहीत होता. पुस्तकाआधी त्यानं मूळ चित्रांचं प्रदर्शन मांडलं आणि जुने चित्रकार, सांगणारे, जवानांच्या घरची माणसं, सगळ्यांना रविवारी सभागृहात बोलावलं.

"कुठली पानं गेली?"

"‘शेवटचा निरोप’. चौऱ्याहत्तरच्या अंकातली. कवठे महांकाळकडचा बिराप्पा नावाचा जवान. एकाहत्तरच्या लढाईत कालव्याच्या बांधावर पडतो, आणि मरताना सोबत्याला सांगतो, ‘हरणाला सांग, वाट बघू नकोस.’ हरणा म्हणजे त्याची बायको. सांगणारा तो सोबती, केरबा." ऋषिराजनं दोन्ही हात फाकवले. "एवढी मोठी पानं. पिशवीत मावत नाहीत, घडी घातली तर चित्राची वाट लागते. दारात माझा चुलतभाऊ उभा. तरी गेली."

"आणखी काय गेलं?"

"काहीच नाही. शेजारीच चित्रकार नानासोंची रंगीत मुखपृष्ठं होती. जमवणारे लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात. त्यांना बोटसुद्धा लागलेलं नाही. हां, एक कार्ड गेलं. मी त्या पानांपुढं ठेवलं होतं."

"काय होतं त्यावर?"

"‘सत्य की कल्पना? वाचा येत्या पुस्तकात.’"

उत्कर्षानं कप खाली ठेवला. "मग? काय आहे?"

"त्या पलटणीचे एक म्हातारे अधिकारी मला भेटले. ते म्हणतात, बिराप्पा बेपत्ता झाला. मरताना त्याला कुणी पाहिलं नाही. मी केरबाकाकांना फोनवर विचारलं. त्यांनी फोन ठेवून दिला. तरी काल कार्यक्रमाला आले."

"जेवणाच्या वेळी त्या टेबलापाशी कोण कोण होतं?"

"बाकी सगळे खाली पंगतीला गेले होते. वर उशिरापर्यंत रेंगाळले ते केरबाकाका, चित्रकार नानासो आणि बिराप्पाच्या घरची दोघं. त्याचा धाकटा भाऊ अर्जुना आणि हरणाबाई."

"हरणाबाई बिराप्पाची बायको ना?"

"होती. तो गेल्यावर अर्जुनाशी तिचा पाट लागला. त्या अंकानंतर दोनच महिन्यांनी."

२

केरबाचं गाव कराडच्या खाली, नदीकाठी. घराला तिन्ही बाजूंनी ऊस लागलेला. म्हातारा ओसरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. उत्कर्षानं नाव सांगितलं तशी त्यानं तेलाची वाटी बाजूला सारली.

"राजवर्धनची मंडळी तू. पेटी आली तवा आमी सगळं पेन्शनर आलतो. सलामी दिली."

"मला आठवत नाही, काका."

"नसंल आठवत."

तिनं सरळच विचारलं. त्यानंही आडपडदा ठेवला नाही.

"मी पानं घेतली न्हाईत, पोरी. ह्या गुडघ्यानं जिना एकदा चढलो, एकदा उतरलो. आन् घ्यायची असती तर पन्नास वरसं कशाला थांबलो असतो?"

"पण कथा खोटी आहे."

केरबा उसाकडं बघत राहिला. घरातून टीव्हीचा आवाज येत होता. त्यानं आत ओरडून तो बंद करायला लावला.

"मी बांधावर न्हवतोच," तो म्हणाला. "दोन दिस आधी मांडीत गोळी लागलेली. इस्पितळात पडून हुतो. तिथंच कळलं, बांध गेला, आमच्यातलं काही सापडलं, काही न्हाई. बिराप्पा सापडला न्हाई. दुसरं कायबी मला ठावं न्हाई. आजबी न्हाई."

"मग असं का सांगितलंत?"

"हंबीररावांनी मला काय विचारलं न्हाई. मीच त्यांच्या दारात गेलो. ते सायकल पुसत हुते. म्हणलो, मी डोळ्यांनी बघितलंय, लिवून घ्या. त्यांनी इस्वास ठेवला. माझं नाव छापलं." त्यानं तळहातावरचं तेल धोतराला पुसलं. "लय वाईट वाटतं त्याचं. ते देवमाणूस हुते."

"काका, का?"

"मला सांगायला लावलं."

"कुणी?"

"हरणाच्या सासऱ्यानं. म्हातारा कवठ्याहून हितवर चालत आलता. पाया पडला माझ्या. म्हणला, ‘सरकारी कागुद आला, पर सून कागदाला मानत न्हाई. तीन वरसं दारात बसून हाय. ल्योक तर गेलाच माझा. आता ही पोरगी डोळ्यांदेखत वाळून चाललीय. तू फकस्त एवढं म्हण, की तू बघितलास.’"

३

नानासो औंधला राहतात. यमाईच्या डोंगराकडं तोंड करून बसायची त्यांची जागा ठरलेली, आणि वय झालं तरी हातात पेन्सिल असतेच. उत्कर्षा गेली तेव्हा ते एका रणगाड्याचं चाक काढत होते. चाक तिसऱ्यांदा खोडलं होतं.

"माझ्यावर संशय असणारच," ते हसून म्हणाले. "काखेत एवढी मोठी फाइल घेऊन दुसरा कोण आला होता? पण दारातल्या पोराला मीच ती उघडून दाखवली. नवी चित्रं होती, कुणीतरी बघावीत एवढीच हौस. त्यानं धड बघितलीसुद्धा नाहीत."

"तुम्हाला ती आठ पानं आठवतात?"

"सगळी आठवतात. वीस वर्षं मी माणसं मारत होतो, बाई. दर महिन्याला दहा-बारा तरी. कुणाच्या छातीत गोळी, कुणी सुरुंगावर. वर ‘धडाड्’ लिहायचं, ‘तड् तड् तड्’ लिहायचं. पहिली दोन वर्षं रात्री झोप यायची नाही. मग यायला लागली." पेन्सिलीला टोक काढता काढता ते म्हणाले, "त्याचंच जास्त वाईट वाटायचं."

उत्कर्षानं मान हलवली. ते तिला कळलं होतं.

"पानं केवढी जाड होती? पुठ्ठ्याची?"

"पुठ्ठा कुठला? हंबीरराव कागदाच्या बाबतीत फार चिक्कू. साधा पातळ कागद द्यायचे. मी आठवड्याचं काम गुंडाळून, सुतळी बांधून, सायकलच्या दांडीला लावून सांगलीला न्यायचो. आठ पानांची सुरळी म्हणजे काय? लाटण्याएवढी."

घडी घालता येत नाही, म्हणून ऋषिराज पिशव्यांचाच विचार करत बसला होता. सुरळी त्याला सुचली नव्हती.

"आणखी एक विचारू? ती पानं बिराप्पाच्या घरच्यांनी नीट पाहिली का परवा?"

नानासोंची पेन्सिल थांबली.

"तेच मला लागलं. प्रत्येक घरची माणसं आपल्या माणसाच्या चित्रापुढं उभी राहिली. हात जोडले, फोटो काढले, पोरांना दाखवलं. हरणाबाई तिकडं फिरकल्याच नाहीत. दारापाशी खुर्ची घेऊन, पाठ करून बसल्या. अर्जुना मात्र हलेना. त्या पानांपुढं नुसता उभा. कसा हलणार?"

"भावाचं चित्र म्हणून?"

"भावाचं?" नानासोंनी चष्मा काढला. "बिराप्पाचा चांगला फोटो नव्हता हो घरात. चेहरा कुठून आणू? मी कवठ्याला गेलो आणि अर्जुनाला समोर बसवला. खोटी रायफल हातात दिली. मातीत आडवा केला. त्या आठ पानांत मरतो तो अर्जुनाच आहे."

४

मंगळवारी दुपारी उत्कर्षानं ऋषिराजला बोलावून घेतलं. कार्यक्रमाचे फोटो तिनं लॅपटॉपवर उघडून ठेवले होते. घरात पंखा फिरत होता आणि भिंतीवर राजवर्धनचा फोटो होता. हार सुकला होता. तो बदलायचं तिला सुचलं नव्हतं.

"चोराला चित्रं नको होती," ती म्हणाली. "चित्रं हवी असती तर त्यानं शेजारची रंगीत मुखपृष्ठं उचलली असती. त्याला ते कार्ड तिथं राहायला नको होतं. कार्ड उचललं आणि ज्या पानांबद्दल ते विचारत होतं तीही उचलली. म्हणजे कार्डावरचं ज्याला वाचता आलं आणि वाचून जो घाबरला, तो चोर."

"केरबाकाका. त्यांचंच खोटं उघडं पडत होतं."

"त्यांना तू फोनवर आधीच सांगितलं होतंस. त्यांच्यासाठी त्या कार्डात नवं काही नव्हतं. चोरायचं ठरवून आले असते तर हातात काठी आणि गुडघ्याला पट्टा घेऊन वरचा मजला चढले नसते. आणि पुस्तक निघणारच होतं. पानं चोरून त्यांचं काय वाचणार?"

"मग कुणाचंही काय वाचणार?"

"एखादा दिवस. सगळी पंगत वर येऊन ते कार्ड मोठ्यानं वाचायच्या आत ते तिथून नाहीसं व्हावं, एवढंच." तिनं एक फोटो मोठा केला. "हा सकाळचा. दारात स्वागत करताना. अर्जुनाच्या खांद्यावर काय आहे?"

"घोंगडं."

"कसं?"

"घडी घालून."

"हा दुपारचा. शाल देताना."

ऋषिराज पुढं वाकला. घोंगडं आता अर्जुनाच्या काखेत होतं. त्याची वळकटी झाली होती, आणि दोन्ही बाजूंनी ती ताठ होती, आत काठी घातल्यासारखी. आयोजकांनी दिलेली शाल घ्यायलासुद्धा त्यानं तो हात सोडवला नव्हता. एकाच हातानं घेतली होती.

"चैत्राच्या उन्हात म्हातारा माणूस घोंगडं अंथरून त्यावर टेकतो," उत्कर्षा म्हणाली. "हा जेवणानंतर उघड्या फरशीवर बसला. सगळ्या फोटोंत."

ऋषिराजनं सकाळचा फोटो परत उघडून पाहिला. मग म्हणाला, "पण भीती कसली त्याला? मी कार्ड ठेवलं ते गंमत म्हणून. लोकांनी पुस्तक घ्यावं म्हणून."

"त्याचं लग्न त्या कथेवर झालंय, ऋषिराज."

५

कवठे महांकाळच्या पुढं रस्ता संपतो तिथून माळ सुरू होतो. अर्जुना बाभळीखाली उभा होता. मेंढरं उताराला पांगली होती. गाडीतून उतरलेल्या उत्कर्षाला बघून त्यानं काय ते ओळखलं. पळाला नाही, काही नाकारलंही नाही.

"पानं माळ्यावर हायत," तो म्हणाला. "जाळायला गेलतो. काडीबी वढली. पर माझंच तोंड. जाळवंना."

"कथा खोटी आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"बा मरताना बोलला. तवर आमाला दोन पोरं झालती." त्यानं एका मेंढीला हाक घातली. ती ऐकेना. "बाई, माझा भाऊ परत आला असता तर? हे मी रोज म्हणत आलोय. तिला मात्र कवाच कळू दिलं न्हाई. ती सुखानं ऱ्हायली त्या एका वाक्यावर. ‘हरणाला सांग, वाट बघू नकोस.’ ते वाक्य खोटं ठरलं तर तिनं काय करायचं? सत्तरीत परत दारात बसायचं?"

"ऋषिराजला सांगून बघायचं होतंत."

"तिच्यादेखत? ती खुर्चीत हुती की तिथंच." त्याचा आवाज फुटला नाही. तो नुसता बारीक झाला. "पानं घेऊन जावा. पर तिला सांगू नका. पाया पडतो."

उत्कर्षा एकटीच घराकडं गेली. हरणाबाई दारात बसली होती. नऊवारी, कपाळाला भंडारा, हात लोकरीनं भरलेले. तिच्या मांडीशेजारी सुतळीनं बांधलेली सुरळी ठेवलेली होती.

"ह्याच्यापायी आलासा न्हवं?" ती म्हणाली. "ऐतवारीच काढून ठेवली मी. त्यास्नी वाटतंय, अजून माळ्यावर हाय."

उत्कर्षा उंबऱ्यावर बसली. हरणाबाईनंच सांगायला सुरुवात केली.

"छापलं तवा मास्तरांनी चावडीवर वाचून दाखवलं. सगळी रडली. मीबी पदर लावला डोळ्याला. पर बाई, माझा धनी मला हरणा म्हणतच न्हवता. नाव घ्यायला लाजायचा. ढालगाव माझं म्हायेर. कुणी नसलं म्हंजी ‘ए ढालगावची’ म्हणायचा. सासू-सासऱ्याला ठावं न्हवतं, दिराला ठावं न्हवतं. मरताना माणूस बायकोला परक्या नावानं हाक मारतोय व्हय?"

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच—"

"तवाच. आन् चित्रात तोंड अर्जुनाचं. कळलं मला, घरच्यांनी मिळून केलंय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

हरणाबाईनं लोकरीतला एक काटा काढून बाहेर टाकला.

"दमले हुते. तीन वरसं एसटी वाजली की उठत हुते. सगळ्यांनी मिळून दार उघडलं, म्हणलं, ये भायेर. आले." थोड्या वेळानं ती म्हणाली, "हा माणूस चांगला निघाला. लय चांगला. मला ठावं हाय हे त्याला कळलं, तर त्याला वाटंल मी पन्नास वरसं त्याच्या घरात बसून दुसऱ्याची वाट बघितली."

"बघितलीत?"

"येखाद-दुसऱ्या दिशी."

बाहेर कोंबड्या धुळीत लोळत होत्या. हरणाबाईनं उत्कर्षाच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं.

"फौजेत हुते?"

"हो."

"तुमी बघितला? पेटी उघडून?"

"बघितला."

"मग बरं हाय," हरणाबाई म्हणाली.

उत्कर्षाला वाटलं, आता काहीतरी होईल. निदान रडू तरी येईल. काहीच झालं नाही. हरणाबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दोघी तशाच बसून राहिल्या. हाताचं वजन मात्र तिला जाणवत होतं. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा कशाचं तरी वजन जाणवत होतं.

निघताना तिनं सुरळी उचलली. "पुस्तकात काय छापायचं?"

"खरं हाय ते छापा. तो कुठं मेला, कसा मेला, कुणाला ठावं न्हाई. त्याच्या नावावर एवढं तरी खरं असू द्या. पर मला ठावं हाय, हे न्हाई छापायचं."

६

पुस्तक दिवाळीच्या तोंडावर निघालं. ‘तोफखाना’चे अंक, चित्रकार, सांगणारे, सगळे त्यात आले. बिराप्पावर अर्धं पान होतं. त्या दिवशी बांधावरून तो परतला नाही. त्याचा शेवट पाहिलेला माणूस नाही. सांगणारा केरबा तेव्हा जखमी होऊन इस्पितळात होता आणि एका बापाच्या शब्दाखातर त्यानं कथा सांगितली. केरबानं आपलं नाव राहू द्यायला सांगितलं होतं. आजोबांची ती मुखपृष्ठावरची ओळ या एका कथेपुरती खरी नव्हती, हेही ऋषिराजनं लिहिलं. ते लिहायला त्याला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

एक प्रत घेऊन उत्कर्षा कवठ्याला गेली. ती पुन्हा कामावर जाऊ लागली होती. उत्तरं अजून उशिरा यायची, पण यायची.

अर्जुनानं हात धुतले, चष्मा लावला आणि पुस्तक मांडीवर घेतलं. हरणाबाई भिंतीला टेकून बसली. तिला वाचता येत नव्हतं. मोठ्यानं वाचायचं कामच त्याचं. त्यानं हंबीररावांच्या सायकलीचं वाचलं, नानासोंचं वाचलं. मग एका पानावर त्याचा आवाज थांबला. ओठ नुसते हलले. अर्ध्या पानाला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ तो मनातल्या मनात वाचत राहिला. उत्कर्षा त्याच्याकडं न बघता अंगणाकडं बघत होती.

त्यानं दोन पानं एकदम उलटली.

"हितं कायतरी जाहिरातीचंच हाय," तो म्हणाला.

"असू द्या," हरणाबाई म्हणाली. "फुडं वाचा."